सिल्व्हर ब्लफची आठ माणसं
(युवक अभ्यासवर्गातल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचं नाव ऐकून काहींनी नाकं मुरडली, ते मला इथून दिसलं. चर्च? तेही अमेरिकेतल्या एका आडगावचं? अडीचशे वर्षांपूर्वीचं? गावोगाव आपली माणसं मार खातायत, पोरं डिग्र्या घेऊन नाक्यावर बसलीत, आणि हा बाबा गोऱ्यांच्या देवाची पोथी उघडून बसलाय!

थांबा जरा. देव मी आणलेला नाही. मी आठ माणसं आणलीत. गुलाम माणसं. ज्यांच्या अंगावरचं कातडंसुद्धा कायद्यानं त्यांचं नव्हतं अशी. त्यांनी एका ओढ्याकाठी आपली मंडळी उभी केली. मंडळी हा शब्द आपल्याकडच्या ख्रिस्ती माणसांचा. चर्च म्हणजे इमारत, मंडळी म्हणजे माणसं. आपण भजनी मंडळी म्हणतो, तमाशाची मंडळी म्हणतो, तसंच. मला हा शब्द आवडतो. सिल्व्हर ब्लफला इमारत नव्हतीच म्हणा. होती ती मंडळीच.

अमेरिकेतल्या काळ्यांशी आपलं नातं जुनं आहे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' छापली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना, ज्यांनी काळ्या गुलामांच्या सुटकेसाठी झीज सोसली. बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉइसला पत्र धाडलं, काळे लोक युनोकडं जो अर्ज नेतायत त्याच्या प्रती मला मिळतील का म्हणून. त्याच साली जुलैत ड्यू बॉइसचं उत्तरही आलं. १९६६ साली ओकलंडला ब्लॅक पँथर उभी राहिली आणि १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी ते नाव उचललं. हे तुम्हाला पाठ आहे. पण हे सगळं वरच्या मजल्यावरचं झालं. पुस्तकं, पत्रं, पुढारी. पाया कुणी खणला? लिंकनच्या नव्वद वर्षं आधी, कुणी भला माणूस झीज सोसायला आला नव्हता तेव्हा, मळ्यातला गुलाम काय करत होता? ते बघायला खाली उतरावं लागतं. सवाना नदीकाठी.

साउथ कॅरोलायना आणि जॉर्जिया यांच्या मधून ही सवाना नदी वाहते. ऑगस्टा गावाच्या खाली साधारण बारा मैलांवर, साउथ कॅरोलायनाच्या बाजूला, नदीचा उंच कडा आहे. तोच सिल्व्हर ब्लफ. तिथं जॉर्ज गॅल्फिन नावाच्या आयरिश व्यापाऱ्याचं ठाणं होतं. क्रीक आदिवासींकडून हरणाची कातडी घ्यायची, त्यांना रम, कापड, बंदुका द्यायच्या, हा धंदा. जमीन अफाट, गुलाम भरपूर, पिठाची गिरणी, गुरं, होड्या. घरात गोऱ्या बाईची मुलं, आदिवासी बाईची मुलं, गुलाम बाईची मुलं. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या वतनदाराचा वाडाच समजा, फक्त कातडीच्या वासाचा. तो वास कसा असतो हे इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांना मी सांगायला नको.

ह्या ठाण्यावर डेव्हिड जॉर्ज नावाचा गुलाम होता. त्याची हकीगत आपल्याला कळते ती त्यानंच पुढं १७९३ साली इंग्लंडात तोंडी सांगितली म्हणून. दोन गोऱ्या पाळकांनी ती उतरवून घेतली, जॉन रिपन आणि सॅम्युएल पिअर्स. रिपनच्या वार्षिकात ती छापली गेली. तेव्हा गोऱ्या लेखणीतून आलेला काळा आवाज आहे हा, इतकं ध्यानात ठेवून ऐका. तरी आवाज त्याचाच आहे. जागोजाग कळतं.

डेव्हिड जन्मला व्हर्जिनियात, १७४२ च्या आसपास. आईबाप आफ्रिकेतून धरून आणलेले. पोरगा पाणी भरायचा, कापूस पिंजायचा, मग मका नि तंबाखूच्या शेतात. थोरल्या बहिणीची पाठ चाबकानं अशी फोडलेली की ती सडेल असं वाटावं. भाऊ पळाला, सापडला, पाचशे फटके खाल्ले, वर मिठाचं पाणी. स्वतःच्या कमरेपर्यंत रक्त ओघळायचं. हे सगळं सांगून तो म्हणतो, याहून मोठं दुःख एकच होतं, आईला फटके मारताना बघणं, गुडघ्यावर बसून ती दयेची भीक मागायची ते ऐकणं. आई मालकाची स्वयंपाकीण होती. जिच्या हातचं खायचे तिलाच मारायचे. आपल्याकडं निदान हातचं खात नव्हते. दोन देशांतला फरक एवढाच.

एकोणीस-वीस वर्षांचा असताना एका मध्यरात्री तो पळाला. एकटा. नद्या ओलांडत दक्षिणेला. कुठं गोऱ्याकडं मजुरी केली, मालकाचा माग लागला की पुढं पळाला. शेवटी क्रीक लोकांच्या मुलखात शिरला. ब्लू सॉल्ट नावाच्या त्यांच्या मुखियानं त्याला धरलं नि आपला माल केला. मालकाचा पोरगा शेकडो मैल तुडवत तिथंवर आला! रम, कापड आणि एक बंदूक देऊन त्यानं डेव्हिडला सोडवला. 'सोडवला' म्हणजे विकत घेतला. पोरगा त्याला घेऊन निघायच्या आत डेव्हिड पुन्हा पळाला, नॅचेझ लोकांकडं. तिथून गॅल्फिनच्या माणसांनी घेतला. कातडी सांभाळायचं नि दुरुस्त करायचं काम. असा हातोहात विकला जात तो एकदाचा सिल्व्हर ब्लफला पोचला. तिथं फिलिस नावाच्या बाईशी लग्न झालं, पोर झालं.

इथं एक गोष्ट मनात टिपून ठेवा. गडी पळण्यात कमी नव्हता. हिंमत होती, पायात बळ होतं, रानाची माहिती होती. पण एकटा होता. एकटा पळाला तेव्हा दर खेपेला त्याचा फक्त मालक बदलला.

मग सायरस नावाचा एक काळा माणूस चार्ल्सटनकडून आला. एक दिवस रानात त्यानं डेव्हिडला गाठून सांगितलं, असाच जगत राहशील तर तुला देवाचं तोंड दिसायचं नाही. आपल्याला हे पोकळ वाटेल. पण विचार करा, त्या माणसाला आजवर सगळे सांगत होते की तू जनावर आहेस. जनावराला कुणी 'तू कसा जगतोयस' असं विचारतं का? सायरसनं त्याला माणूस धरूनच दम दिला. तो दम त्याच्या जिव्हारी लागला. जेवण-झोप गेली.

त्याच सुमाराला जॉर्ज लाइल तिथं येऊ लागला. तोही गुलाम, डेव्हिडपेक्षा वयानं लहान, लहानपणापासून ओळखीचा. त्याचा मालक बाप्टिस्ट. मालकाच्या चर्चनं लाइलला प्रवचनाची परवानगी दिलेली. नदीच्या वर-खाली मळ्यामळ्यांतून हिंडून तो गुलामांना प्रवचन करायचा. थकल्याभागल्यांना ख्रिस्त जवळ बोलावतो ह्या वचनावर तो बोलला. डेव्हिड त्याच्याकडं गेला नि म्हणाला, तो थकलेला माणूस मीच.

मग पामर नावाचा गोरा पाळक आला. गॅल्फिनच्या गिरणीपाशी त्यानं प्रवचन केलं आणि रविवारी गिरणीच्या ओढ्यात बाप्तिस्मा दिला. आठ माणसं. त्यात डेव्हिड, त्याची फिलिस आणि जेसी, जो मालकाच्या नावानं जेसी गॅल्फिन म्हणून ओळखला जायचा नि पुढं जेसी पीटर झाला. मग सगळ्यांनी मिळून प्रभुभोजन घेतलं. मंडळी झाली. साल १७७३ ते १७७५ च्या मधलं. अमेरिकेतल्या काळ्यांच्या अगदी पहिल्या मंडळ्यांत तिची गणना होते.

आता तुमच्यातला मार्क्सवादी हात वर करणार. मालकाच्या ओढ्यात, मालकाच्या परवानगीनं, मालकाच्याच धर्मात डुबकी मारली, यात क्रांती कसली? बरोबर विचारलंस. मालकानं परवानगी का दिली ते आधी बघू. व्हर्जिनियात १६६७ सालीच कायदा झाला होता की बाप्तिस्मा घेतल्यानं गुलामाची गुलामी सुटत नाही. आत्मा देवाचा, देह मालकाचा. म्हणजे मालकाचं काही जात नव्हतं. उलट गुलाम भजन करतो, दारू पीत नाही, मालकाची आज्ञा मानतो, तर फायदाच. धर्म बदल, पण स्थिती बदलायची नाही! आणि हे काही फक्त तिकडचं नाही. आपल्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दाखला हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांना घेतलं, १९९० साली बौद्धांना. दलित ख्रिस्ती मात्र दाराबाहेरच. त्यांना सरकार सांगतं, तुमच्या धर्मात जात नाही, आणि त्यांच्याच धर्मातला सवर्ण त्यांना मेल्यावरही वेगळी जागा दाखवतो. ही मंडळी आपलीच आहेत. बौद्ध-ख्रिस्ती-मातंग-चर्मकार असे तुकडे करून बसलेल्यांनी हे एकदा ऐकून घ्यावं.

तर मालकाचा हिशोब पक्का होता. चुकला कुठं? तो मंडळीत चुकला. बाप्टिस्ट लोकांत वर बिशप नाही, पोप नाही. जमलेली माणसं हीच मंडळी, तिनंच आपला वडील नेमायचा. गोऱ्या शेतकऱ्यांनी ही पद्धत स्वतःसाठी काढली, पण ती गुलामांच्या हाती लागली तेव्हा तिचा अर्थच पालटला. ज्याला स्वतःच्या पोराचं नाव ठेवायचाही हक्क नाही, तो आता म्हणणार की हा आमचा वडील, आम्ही नेमला. डेव्हिडला वडील नेमलं. पामरनं त्याला कसं वागायचं ते शिकवलं.

आणि मग लढाई जवळ आली. गोरे मळेवाले इंग्लंडच्या राजाविरुद्ध उठायच्या बेतात. लगेच हुकूम सुटला, बाहेरच्या पाळकांनी गुलामांत यायचं नाही. का? तर ते त्यांना नको तेवढं ज्ञान देतील! बघा, मालकाला बरोबर कळतं कशाला भ्यायचं. पामरचं येणं बंद झालं. आता मंडळी बुडायला हवी होती. झालं उलटं. डेव्हिड म्हणतो, मग सगळा कारभार माझ्याकडं आला, मीच प्रवचन करू लागलो, आसपासचे काळे लोक येऊ लागले. आठांची तीस झाली, तिसावरही गेली. गोऱ्या पाळकाची सावली निघाली, मग रोप वाढलं. हे मी पाळकाला कमी लेखायला म्हणत नाही. त्यानं आपलं काम केलं होतं. पण आपल्याकडचे जे भले पुरोगामी आपल्या सभांत अध्यक्षपद सोडता सोडत नाहीत, त्यांनी ह्या गिरणीच्या ओढ्याकाठी जरा जाऊन यावं.

ह्याच दिवसांत तो वाचायला शिकला. साउथ कॅरोलायनात १७३९ साली स्टोनो नदीकाठी गुलामांचं बंड झालं होतं. त्यानंतर १७४० साली कायदा झाला, गुलामाला लिहायला शिकवील त्याला शंभर पौंड दंड. लिहिणाऱ्या गुलामाला सगळ्यात जास्त भ्यायचे, कारण तो स्वतःचा परवाना स्वतः लिहून पळू शकतो. गॅल्फिननं गोऱ्या मुलांसाठी मास्तर ठेवलेला. तीस-बत्तीस वर्षांचा हा बाप्या अंकलिपी घेऊन त्या चिल्ल्यापिल्ल्यांकडं जायचा. पोरं त्याला अक्षरं दाखवायची. तो जाऊन घोकायचा, परत येऊन विचारायचा, बरोबर का? वाचनाचा असा नाद लागला की झोपेतही मी शिकत असेन, असं तो सांगतो. मालकाच्या पोरांपुढं बसून अआई शिकायची लाज त्याला वाटली नाही. त्या पोरांनाही कुणी अजून शिकवलं नव्हतं की हा शिकता कामा नये. आणखी दोनचार वर्षांनी शिकवलं असतं.

वाचता येऊ लागलं तेव्हा तो काय म्हणाला? की जे माझ्या काळजात होतं तेच मला पुस्तकात दिसू लागलं. ह्यावर मी खूप वेळ थांबलो होतो. आपल्यातला शिकलेला उलटं करतो. पुस्तकात आधी बघतो, मग काळजात शोधतो.

आता मुद्द्याचा भाग. १७७६ साली अमेरिकेचा जाहीरनामा निघाला. सगळी माणसं जन्मतः समान. लिहिणारा जेफर्सन, ज्याच्या पदरी शेकड्यांनी गुलाम. गॅल्फिनही ह्याच स्वातंत्र्यवाल्यांच्या बाजूचा. आदिवासींना इंग्रजांकडं जाऊ न देण्याचं काम त्याच्याकडं होतं. दुसरीकडं व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर डनमोर, त्यानं १७७५ च्या नोव्हेंबरातच जाहीर केलं होतं की बंडखोर मालकांचे जे गुलाम राजाच्या बाजूनं शस्त्र धरतील ते मुक्त. १७७८ च्या डिसेंबर अखेरीस इंग्रजांनी सवाना शहर घेतलं. गॅल्फिन घाबरून ठाणं सोडून गेला. गुलाम मागं राहिले.

आणि डेव्हिड, फिलिस, त्यांची दोन पोरं, आणि गॅल्फिनचे पन्नासच्या वर गुलाम उठले नि इंग्रजी छावणीकडं चालू लागले. सगळेच मंडळीतले नव्हते. तीसच तर मंडळीत होते. पण पन्नास माणसं बायकापोरांसह एका दिशेनं चालायला आधीपासून कुणीतरी एकत्र बसलेलं असावं लागतं. एकमेकांवर भरवसा असावा लागतो, कोण फुटेल नि कोण नाही हे माहीत असावं लागतं. दर रविवारी ओढ्याकाठी चार वर्षं तेच तयार होत होतं. मालकाला वाटत होतं भजन चाललंय. एकट्या डेव्हिडला वर्षानुवर्षं पळून जे जमलं नाही ते मंडळीनं एका चालीत केलं. आणि ह्या खेपेला मागून धरायला कुणी आलं नाही.

तर मग हे लोक देशद्रोही का? अमेरिकेच्या शाळेत पोरांना स्वातंत्र्ययुद्ध शिकवतात. त्यात हे पन्नास जण कुठल्या पानावर बसवणार? हा प्रश्न ओळखीचा वाटतो ना? १ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावला महार शिपाई कंपनी सरकारच्या बाजूनं पेशव्याविरुद्ध लढले. १९२७ साली त्याच तारखेला बाबासाहेब त्या स्तंभाशी जाऊन उभे राहिले. तेव्हापासून आजतागायत आपल्या कानावर आहे, इंग्रजांचे हस्तक, इंग्रजांचे बगलबच्चे. आम्ही विचारतो, ज्या देशानं आमच्या गळ्यात मडकं बांधलं त्या देशाशी इमान म्हणजे नेमकं कुणाशी इमान? सिल्व्हर ब्लफच्या माणसांनी वादविवाद केला नाही. मालक म्हणाला स्वातंत्र्य, आणि त्यांनी मालकाचा शब्द मालकापेक्षा जास्त गंभीरपणे घेतला.

पण इंग्रजाच्या आरत्याही ओवाळू नका. डनमोरची जाहीरनामागिरी दयेतून आलेली नव्हती. शत्रूचे गुलाम फोडायचे, एवढाच डाव. राजाशी इमान राखणाऱ्या गोऱ्यांचे गुलाम गुलामच राहिले. आणि तिथं गेल्यावर डेव्हिडला काय मिळालं? राजनिष्ठ गोऱ्यांनी चहाडी केली की हा काळ्यांना परत गुलामीत न्यायचा कट करतोय. महिनाभर तुरुंग! मग सवाना शहरात देवी निघाल्या. त्यानं बायकोपोरांना सांगितलं, मला सोडून जा. एकटा पडून होता, जवळ थोडा मका. शिजवून जरासा खाल्ला, उरलेला कुत्र्यानं खाल्ला. तरी जगला. फिलिसनं इंग्रज सेनापतीचे कपडे धुऊन संसार ओढला. कोरेगावच्या शिपायांच्या नातवांनाही इंग्रजानं १८९२ च्या सुमाराला लष्कराचं दार बंद केलंच की. गरज सरली, वैद्य मेला.

इंग्रज हरले. १७८२ च्या अखेरीस डेव्हिड कुटुंबासह बोटीनं नोव्हा स्कॉशियात गेला, आजच्या कॅनडात. थंडी अशी की पुढं त्याचे पाय गारठून निकामी झाले. शेलबर्न गावात त्यानं पुन्हा मंडळी जमवली. रानात, उघड्यावर प्रवचन. लांबलांबून काळे लोक आले. एक गोरी बाई बाप्तिस्मा घ्यायला आली, तर तिच्या नातलगांनी जमाव आणला. ती पाण्यात उतरू नये म्हणून बहिणीनं तिचे केस धरले! त्या बहिणीला चवदार तळ्यावर उभी केली असती तर कुणाला ती परकी वाटली नसती.

१७८४ च्या जुलैत शेलबर्नला दंगा झाला. लष्करातून सुटलेले गोरे शिपाई बेकार होते आणि काळे कमी मजुरीवर राबत होते. मजुरी कमी देणारा कोण, हा प्रश्न शिपायांनी विचारला नाही. जहाजाचे दोर नि कप्प्या आणून त्यांनी काळ्यांची घरं उलथी पाडली. प्रवचन केलंस तर याद राख म्हणून येऊन धमकावलं. त्यानं प्रवचन केलं. दुसऱ्या दिवशी काठ्यांनी बडवून त्याला दलदलीत हाकललं. काही महिन्यांनी परत आला तर प्रार्थनाघरात एकानं दारूचा गुत्ता थाटलेला.

ह्या जाचाला कंटाळून १७९२ च्या जानेवारीत पंधरा जहाजांतून सुमारे बाराशे काळी माणसं आफ्रिकेला निघाली, सिएरा लिओनला. ज्यांचे आईबाप बेड्या घालून आणले होते ती माणसं उलट्या दिशेनं. ह्यामागं थॉमस पीटर्स नावाचा माजी सार्जंट होता. नोव्हा स्कॉशियातल्या काळ्यांना कबूल केलेली जमीन मिळाली नाही म्हणून अर्ज घेऊन तो थेट लंडनला गेला होता. फ्रीटाउन वसलं. पहिल्या रविवारी डेव्हिडनं जहाजाच्या शिडाखाली प्रवचन केलं. मग खांब रोवून, वर गवत टाकून झोपडी उभारली. आफ्रिकेतली ती पहिली बाप्टिस्ट मंडळी मानतात.

इथपर्यंत सगळं सरळ. पण मी तुम्हाला संतचरित्र सांगायला आलेलो नाही. फ्रीटाउनची जमीन रिकामी नव्हती. ती टेम्ने लोकांची होती. सुटलेल्यांना मिळालेली जागासुद्धा कुणाच्या तरी अंगणातलीच होती. दुसरं, वसाहत चालवत होती लंडनची कंपनी. तिचे संचालक गुलामीविरोधी भले लोक. तरी जमिनीवर खंड बसवला. थॉमस पीटर्स भांडला नि पहिल्याच वर्षी मेला. डेव्हिड कुठल्या बाजूला होता? कंपनीचा माणूस जॉन क्लार्कसनच्या बाजूला. क्लार्कसन चांगला माणूस होता, पण तो लवकरच गेला नि खंड राहिला. १८०० साली वसाहतवाले उठले. नेमक्या वेळी जमैकाहून आलेले मरून लोक, म्हणजे मळ्यांतून पळून डोंगरात राहणारे काळेच, ते कंपनीनं बंडवाल्यांवर सोडले. बंड मोडलं. दोघांना फाशी, बाकीच्यांना हद्दपारी. डेव्हिड जॉर्ज बंडात नव्हता.

मला त्याचा राग येतो. खोटं कशाला बोलू? मालकाच्या ठाण्यावरून पन्नास माणसं घेऊन उठणारा गडी उपकारकर्त्यापुढं गप्प राहिला. चाबूक मारणाऱ्याविरुद्ध उठणं एक वेळ सोपं, पाठीवर हात फिरवणाऱ्याविरुद्ध अवघड. शिष्यवृत्तीवाले, महामंडळवाले, समितीवाले इथं बसले असतील त्यांनी राग मानू नये. पण त्याला गद्दार म्हणायलाही माझी जीभ उचलत नाही. शेलबर्नच्या दलदलीत काठ्या खाल्लेल्या माणसाला एक शांत जागा हवी असेल. १८१० साली तो फ्रीटाउनलाच वारला.

जाता जाता एक गंमत. त्याची हकीगत उतरवून घेणारा पिअर्स हा विल्यम केरीचा जवळचा मित्र. डेव्हिड इंग्लंडात होता त्याच १७९३ साली केरी बंगालला निघाला. त्याच केरीनं श्रीरामपूरला १८०५ साली वैजनाथ पंडिताच्या मदतीनं मराठीचं व्याकरण छापलं. म्हणजे सिल्व्हर ब्लफच्या गुलामाची गोष्ट ज्या बैठकीत ऐकली गेली, तिथलीच माणसं पुढं आपली भाषा छापायला आली. आणि इथं त्यांना मराठी शिकवायला मिळाला तो पंडित!

आता मागं राहिलेल्या गावाचं. डेव्हिड गेल्यावर सिल्व्हर ब्लफची मंडळी विस्कटली. लाइल जमैकाला गेला, किंग्स्टनला त्यानं मंडळी उभी केली, तुरुंगही भोगला. तिथल्या काळ्या बाप्टिस्टांतूनच पुढं सॅम शार्प निघाला. १८३१ च्या नाताळात त्यानं जमैकाच्या मळेवाल्यांविरुद्ध हजारो गुलाम उठवले आणि १८३२ साली फासावर गेला. दुसऱ्याच वर्षी इंग्रज पार्लमेंटला गुलामी मोडायचा कायदा करावा लागला. जमैकाला जाण्याआधी लाइलनं सवानाला ज्यांना बाप्तिस्मा दिला त्यांत अँड्र्यू ब्रायन होता. ब्रायननं आणि त्याच्या माणसांनी फटके खाल्ले, मंडळी सोडली नाही.

आणि जेसी? त्या आठांतला जेसी लढाई संपल्यावर सिल्व्हर ब्लफलाच परतला. पुन्हा त्याच घराण्याचा गुलाम. हे कोडं मला सुटलेलं नाही. त्यानं विस्कटलेली माणसं पुन्हा गोळा केली, आसपास हिंडून प्रवचन केलं, आणि त्या माणसांतूनच ऑगस्टा शहरातली मंडळी उभी राहिली. स्प्रिंगफील्ड बाप्टिस्ट चर्च ती. ती आपला जन्म १७८७ चा सांगते.

सिल्व्हर ब्लफ नावाची मंडळी त्या भागात अजून आहे. तिच्या कोनशिलेवर १७५० साल कोरलेलं आहे. वॉल्टर ब्रूक्स हा स्वतः गुलाम म्हणून जन्मलेला काळा पाळक. त्यानं ह्या मंडळीचा इतिहास शोधून लिहिला, कागद ताडून पाहिले आणि सांगितलं, १७७३ च्या मागं जाता येत नाही. तरी दगडावरचं साल कुणी पुसलं नाही. मी असतो तर मीही पुसलं नसतं. त्या आठांतल्या बऱ्याच जणांची नावं कुठल्याच कागदावर नाहीत. त्यांच्यात बायका किती होत्या, पोरवयाचे किती, कोण सवानाच्या वाटेनं गेलं नि कोण गिरणीवरच राबत राहिलं, हे सांगणारं कुणी उरलं नाही.

विचारा आता काय विचारायचंय ते. मागच्या बाकावरून सुरुवात करा.